रईसाबींची बाज

लातुरात शिकवण्यांना आलेल्या पोरांना खोल्या पुरेनात, तसा रईसाबींच्या अंगणावरही गल्लीचा डोळा गेला. त्यांच्या पोरानं, शारिकनं, तिथं पत्रे टाकून भाड्याच्या खोल्या काढायचं ठरवलं, तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "मग मी कुठं झोपू?"

हा हट्ट नव्हता. किल्लारीकडच्या भूकंपात तिचं अख्खं गाव झोपेतच गाडलं गेलं. अंगणात बाजेवर झोपलेली ही एक पोर तेवढी वाचली. तेव्हापासून रईसाबी छपराखाली झोपल्या नाहीत. पाऊस आला तर अंगावर ताडपत्री ओढत. शारिकला त्याचं फार वाईट वाटे.

वरच्या खोलीत तो एकट्यानं एक गेम बनवत होता. त्यात आईचंच गाव होतं, त्या शेवटच्या संध्याकाळचं. आई शेजारी बसून सांगे, "गुंडप्पा एका खांद्यात कलून चालायचा बघ." पण पडद्याकडे पाठ करून. चुकूनही वळून बघत नसे.

गाव मोठं अन् हात दोनच. पाच-दहा माणसं त्यानं जीव ओतून घडवली. बाकीच्यांना, काम वाचावं म्हणून, एकच चेहरा चिकटवला. स्वतःचा. तोच फुकट हाताशी होता. आईला हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

दिवे लागले की प्रत्येकानं आपल्या घरात शिरायचं, दाराला कडी लावायची, एवढंच त्यानं त्यांना शिकवलं होतं. मग अंगणात बाजेवर छोटी रईसा तेवढी उरायची.

एका संध्याकाळी त्याच्या चेहऱ्याचा एक गावकरी घरी गेलाच नाही. बाजेपाशी येऊन थांबला. शारिकनं सगळं तपासलं, चूक सापडेना. वैतागून त्यानं तो माणूसच पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी तिथं दोघं उभे होते.

त्याच आठवड्यात रईसाबी तापानं फणफणल्या. पत्रेवाले सकाळी येणार होते. दिवस मावळताना शारिक अंगणात जाऊन बसला.

"अम्मी, आज तरी आत झोप. मी हाय ना."

तिनं उघड्या दारातून आतल्या आढ्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "पण बाज तूच आत ने. माझ्या पायानं मी जाणार न्हाई."

"एवढं वरचं काम बंद करून येतो."

वर पडद्यावर गावात दिवे लागत होते. सगळी दारं लागली.

बाजेभोवती चौघं उभे होते.

चौघंही वाकले. एकेकानं एकेक पाय धरला. बाज उचलली गेली, पोरीसकट, अन् हळूहळू घराकडे निघाली. शारिकनं बटणं बडवली. गेम बंद होईना.

दार लागलं. अंगण रिकामं.

तो धडाधडा जिना उतरला.

खालचंही अंगण रिकामं होतं.

बाज आतल्या खोलीत, ऐन आढ्याखाली होती. रईसाबी डोळे मिटून पडल्या होत्या. कपाळ गार लागत होतं.

"अम्मी, ऊठ. बाहेर चल."

"आता कशाला? आत्ताच तर आणून ठेवलीस."

"मी न्हाई आणली. मी वर होतो."

"असं काय करतो, बेटा," ती झोपेतच हसली. "चारी पायांना तूच तर होतास."

शारिकच्या पाठीमागे कुणीतरी, आवाज होऊ न देता, दाराला कडी लावली.