न विचारता केलेली खूण

ग्रंथालयात एखादा माणूस आडवा पडलेला दिसला तर आधी किंचाळावं की आधी पाणी मारावं, हे संचिताला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तिनं दोन्ही केलं.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या कपाटांमधल्या बोळात पालथा पडलेला तो माणूस धडपडत उठला. केसांतून पाणी निथळतंय, एका हातात मोजपट्टी, आणि दुसऱ्या हातानं उजव्या कानामागचं छोटंसं यंत्र काढून तो घाईघाईनं शर्टाला पुसतोय!

"अहो... मला वाटलं तुम्हाला चक्कर आली—"

"थांबा हां." त्यानं यंत्र परत कानात बसवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. "आता बोला. पाणी मारायच्या आधी काय म्हणालात?"

"काही नाही. नुसती किंचाळले."

"ते ऐकू आलं," तो म्हणाला, आणि हसला.

अगं बाई, काय हसला! फेब्रुवारीतल्या त्या कोरड्या दुपारी संचिताच्या कानाच्या पाळ्या उगीच गरम झाल्या. मिरा रोडच्या त्या कॉलेजात ती चार वर्षं पुस्तकं देत-घेत होती, पण पुस्तकं परत करताना असं कुणी हसल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं.

"साईराज मोकल. दिव्यांग सहाय्य कक्ष. सोमवारीच रुजू झालोय. तुमच्या या बोळातून व्हीलचेअर जात नाही मॅडम. चार बोटं कमी पडतात."

"मग ते झोपून मोजायचं असतं का?"

"कपाटांचे पाय बाहेर आलेत. उभं राहून दिसत नाहीत."

त्या आठवड्यात कपाटं सरकली. खरं तर एका दिवसात सरकली असती, पण साईराज रोज येऊन एकेक वीत सरकवायचा आणि मधे चहा प्यायचा. संचिता बोलायला लागली की तो सगळं सोडून तिच्याकडे बघायचा. असं बघायचा की ती वाक्य विसरायची. पूनम सागर सोसायटीतल्या घरी आईनं दोनदा विचारलं, "काय गं, भाजीत साखर का घातलीस?" आणि चौथ्या दिवशी कळलं, तो ओठ वाचतो! डावा कान पूर्ण बंद, उजवा यंत्रावर. तो सगळ्यांकडेच तसं बघायचा. शिपाई सुभाषकाकांकडेसुद्धा. संचिताला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी तिनं त्याला चहा विचारला नाही.

पण साईराजनंच दोन ग्लास आणले. सोबत एक अर्ज.

"हा फक्त प्राध्यापकांसाठी नाहीये. क्लार्क, शिपाई, वॉचमन, तुम्ही, कुणीही एखाद्या विद्यार्थ्याला आमच्याकडे पाठवू शकतं. आजार कुठला ते तुम्ही ठरवायचं नाही. जे दिसलं तेवढंच लिहायचं. फक्त..." त्यानं अर्जातल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. 'विद्यार्थ्याशी बोलणं झालं आहे आणि त्याची संमती आहे.' "आधी विचारायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं."

संचिताच्या डोळ्यांसमोर लगेच रुचिता आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची, समुद्रकाठच्या चौक गावातून येणारी. पुस्तक नाकाला लावून वाचायची. ढगाळ दिवशी जिना उतरताना भिंत धरायची. मागच्या परीक्षेत तिचे तीन पेपर अर्धे राहिले होते, आणि या वेळी राहिले तर वर्ष गेलंच म्हणा.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली.

"वा! मग घाई करा. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका आणि जास्तीचा वेळ हवा असेल तर अर्ज शनिवारपर्यंत परीक्षा विभागात जायला हवा. तिच्याशी बोललात?"

तो बघत होता. मान जरा कलती, भुवया उंचावलेल्या, किती कौतुकानं!

"हो... बोललेय ना," संचिता म्हणाली, आणि चौकटीत झोकात खूण केली. उद्या सकाळी रुचिता भेटली की सांगून टाकू, त्यात काय एवढं!

पण सकाळी साईराजनं रुचिताला आधी गाठलं. अकरा वाजता ती काउंटरवर आली आणि ग्रंथालयाचं कार्ड तिनं टेबलावर आपटलं.

"मी तुम्हाला काही सांगितलं होतं का मॅडम? चार लोकांत कळलं तर आई उद्याच कॉलेज बंद करेल. आंधळ्या पोरीला कोण करून घेणार, हेच ऐकायचं मग घरात!"

"रुचिता, अगं ऐक तरी—"

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला की कट करायची. शुक्रवार उजाडला तेव्हा संचितानं पोह्यांची बशी तशीच बाजूला सारली. एक तर पोरीचं वर्ष जाणार. दुसरं म्हणजे, साईराज अजून तिच्याकडे त्याच कौतुकानं बघत होता, आणि ते तर अजिबात सहन होत नव्हतं.

ती सरळ त्याच्या खोलीत गेली आणि त्याच्या समोर, उजेडात बसली.

"मी खोटं बोलले. तिला विचारलं नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खूण केली."

साईराजनं हातातलं पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "नववीत बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं, साईराजला ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोलत जा. मनानं फार चांगल्या होत्या हो. त्यानंतर वर्षभर पोरं माझ्या अंगावर ओरडूनच बोलत होती."

संचिताचे डोळे भरून आले. "मी जाते चौकला. माफी मागते. तुम्ही माझ्यावर चिडा, पण तिचा अर्ज—"

"चिडलोय," तो शांतपणे म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावली. "चला. पण तिच्या घरात पाय ठेवायचा नाही. आणि कुणाला काही सांगायचं नाही."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघं भाईंदरहून चौकची बस पकडून निघाले. संचिता आपणहून त्याच्या उजव्या बाजूला बसली. वाटेतलं डोंगरी गाव येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. सहज वळली, तर साईराज तिच्याकडेच बघत होता!

"मी काहीच बोलत नाहीये," ती म्हणाली.

"माहितीये," तो म्हणाला, आणि पटकन समोरच्या सीटवरच्या जाहिरातीकडे बघू लागला. चिडलेला माणूस म्हणे!

चौकला उतरले तेव्हा किनाऱ्यावर खारा वारा सुटला होता. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. रुचिताला घरी न जाता शोधायचं कसं, याची कुजबूज चालली असतानाच मागून खणखणीत आवाज आला.

"काय गो, कवाची उभी हायस! कोन पायजे?"

कमरेला पदर खोचलेल्या मंदाकाकी, रुचिताची आई. आणि त्यांच्या मागं बोंबील काढत उभी असलेली रुचिता. कुजबुजीतला मॅडमचा आवाज ओळखून तिनं डोळे बारीक केले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

संचिताच्या तोंडून 'कॉलेजातून' हा शब्द अगदी निघालाच होता. तिनं तो गिळला. "बोंबील... बोंबील घ्यायला आलोय, मिरा रोडहून."

"मिरा रोडला मिलत न्हाय?"

"साखरपुडा आहे आमचा," साईराज म्हणाला.

संचिता त्याच्याकडे बघतच राहिली.

"साखरपुड्याला सुका बोंबील?" काकींच्या भुवया वर गेल्या.

"दुसऱ्या दिवशी. पाहुणे राहणार आहेत ना. हिचे बाबा रत्नागिरीचे, म्हणाले बोंबील हवा तर चौकचाच."

"मंग बरोबर हाय!" काकी खूश. "आनि पोरगा बरा दिसतो गो. बग कसा बगतो तुज्याकडं! तारीख कवा हाय?"

"ठरतेय अजून," संचिता कशीबशी म्हणाली.

"रुची, चांगलं निवडून दे गो त्येंना. मी बांधायला कागद घेऊन येतंय."

काकी आत गेल्या. तिघंच उरले.

"आईला का नाही सांगितलं?" रुचितानं हळूच विचारलं.

"ते तुझं आहे सांगायचं. माझं नव्हतंच कधी. मी चुकले गं रुचिता. तुझ्याआधी मीच ठरवून टाकलं. माफ कर मला."

साईराजनं पिशवीतून अर्ज काढून तिच्या हातात दिला. "हा तुझा. फाड, नाहीतर ठेव. परीक्षा विभागाला फक्त एवढं कळतं, मोठी अक्षरं आणि जास्तीचा वेळ. घरी पत्र जात नाही."

रुचितानं कागद नाकाशी धरून पूर्ण वाचला. चौकटीतल्या खुणेवर अंगठा घासला. "डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडं. सहा महिने गादीखाली ठेवलाय." मग जरा थांबून, "मी बघते. पण आले तर सरांच्या खोलीत येणार, एकटी. तुम्ही नको मॅडम."

"नाही येणार," संचिता म्हणाली. लागलं तिला. पण बरोबर होतं ते.

शनिवारी सकाळपासून ती काउंटरवर मान खाली घालून बसली. कोण आलं, कोण गेलं, बघायचंच नाही असं ठरवलं होतं. एका मुलाला तिनं कायद्याच्या जागी पाककृतींचं पुस्तक दिलं. एक वाजता परीक्षा विभागाची खिडकी बंद झाली. सव्वाला साईराज आला.

"काही विचारणार नाहीये मी," ती घाईघाईनं म्हणाली.

"आणि मी काही सांगणार नाही. पण एवढं तुम्हाला सांगायची परवानगी दिलीय तिनं. सही करून गेली. स्वतःच्या हातानं नवीन अर्ज भरला, जुना फाडला. वेळेत पोचलाय."

संचितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडायचं की हसायचं! पुन्हा दोन्ही झालं.

"अजून एक आहे," साईराजनं कानामागचं यंत्र उगीचच चाचपलं. "तिची आई कालपासून विचारतेय, तारीख ठरली का? रुचिता म्हणते, मला आईपासून एकच गोष्ट लपवता येते, दोन नाही."

"मग... काय सांगितलंत?"

"म्हटलं, मुलीला विचारून सांगतो."

ग्रंथालयात पंख्याची घरघर तेवढी चालू होती. संचिताच्या छातीत जे धडधडत होतं ते मात्र त्याला यंत्राशिवायही ऐकू गेलं असतं.

"विचारलंत?"

"आत्ता विचारतोय. तुम्ही मला आवडता, संचिता. खोटं बोललात तेव्हा राग आला, आणि उठून खरं सांगायला आलात तेव्हा... त्यानंतर मला राग धरताच येईना. नाही म्हणालात तर काकींना मीच जाऊन सांगेन, तुमच्यावर काही येणार नाही."

'मॅडम' कुठं गळून पडलं होतं कुणास ठाऊक. संचितानं मान वर केली, त्याला नीट दिसेल अशी, आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली,

"मलाही तुम्ही आवडता. खूप. उद्या संध्याकाळी घरी या, बाबांना भेटा." मग तिला हसू आवरेना. "पण येताना बोंबील घेऊन या. कालचे त्यांनी एकट्यांनी संपवलेत."