डावा पीळ

“खळ्यात बस. घरात नको.”

आबा एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून मांडवाच्या खांबाला पांढरं कापड बांधायला लागले. करुणा हातातली पिशवी छातीशी धरून उंबऱ्याच्या अलीकडे तशीच उभी राहिली... दोन वर्षांनी ती या घरी आली होती, तीही आईच्या पुण्यानुमोदनाला, मृत्यूनंतरच्या श्रद्धांजलीच्या विधीला. ज्या पडवीत बसून तिने बी.एस्सी.चा अभ्यास केला, त्या पडवीत पाय ठेवायलाही आज तिला मनाई होती. आई गेल्याचं आबांनी तिला कळवलं नव्हतं. लांज्याच्या बाजारात शेजारची काशीकाकू भेटली, तिच्याकडून कळलं, तेव्हा अंत्यविधी आटोपून गेला होता.

घरापुढच्या खळ्यात, मांडवाखाली, बायका बसल्या होत्या. काशीकाकूनेच जरा सरकून तिला जागा करून दिली, पण टोमणा मारल्याशिवाय काही तिला राहवलं नाही.

“बस गो बाय. सरकाराक नाय घाबरलंस, मग आमच्यात बसायला कसली लाज?”

दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. करुणाने आपले हात ओढणीखाली घेतले. काजूच्या टरफलातलं तेल कातडीवर चढलं की ती काळी पडते, सोलवटते. ज्या बोटांनी तिने कधीकाळी प्रयोगशाळेतली काचेची नाजूक उपकरणं हाताळली, ती बोटं आता कारखान्यात काजू फोडत होती.

काय गुन्हा होता तिचा? दोन वर्षांपूर्वी सीमेवर युद्ध पेटलं. तिचा धाकटा भाऊ प्रज्ञेश सैन्याच्या आघाडीवरच्या दवाखान्यात मदतनीस होता. जखमेच्या वर आवळून रक्त थांबवायचे रबरी पट्टे असतात; नव्या पुरवठ्यातले पट्टे ताण दिला की तुटत होते. एक जवान तर प्रज्ञेशच्या हाताखालीच गेला, तुटलेला पट्टा त्याच्या मांडीवर तसाच लोंबत राहिला. प्रज्ञेशने वर सांगितलं. युद्ध चालू आहे, तोंड बंद ठेव, असं उत्तर आलं. तेव्हा त्याने तुटक्या पट्ट्यांची सुतळीने जुडी बांधून फोटो काढला, बहिणीला पाठवला आणि गावाकडे निघालेल्या एका मित्राच्या हाती थोडे पट्टेही दिले. करुणा रत्नागिरीतल्या एका सरकारी तपासणी प्रयोगशाळेत होती. याच पुरवठ्याचे नमुने तिथे येऊन ‘योग्य’ ठरले होते. तिने भावाने पाठवलेले पट्टे पुन्हा ताणून, तापवून पाहिले. रबराच्या भेगा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसल्या. तिने साहेबांना दाखवलं, तर साहेबांनी उठून दार लावलं आणि तिला नोकरीची आठवण करून दिली. त्यानंतर तो फोटो आणि आपले निष्कर्ष तिने एका वर्तमानपत्राकडे पाठवले.

देशभर गहजब उडाला. पुरवठ्यात कोणताही दोष नाही, असं सरकारने जाहीर केलं, आणि तो सगळा माल गुपचूप मागे घेतला. मग माहिती फोडणाऱ्याचा शोध सुरू झाला. फोटो आघाडीवरून आला असं सिद्ध झालं असतं, तर प्रज्ञेशची वर्दी गेली असती, त्याला लष्करी कैद झाली असती. करुणाने क्षणभरही विचार केला नाही. फोटो मीच काढला, प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचा, असं तिने लिहून दिलं. मग अटक झाली, जामीन मिळाला, नोकरी गेली. खटला अजून बंद दाराआड चालूच होता. भावाला तिने फोनवर शपथ घातली होती... आईआबांनाही सांगायचं नाही, आणि यापुढे मला फोनही करायचा नाही.

आणि आबा! सैन्यातून निवृत्त झालेले, उजव्या हाताची दोन बोटं सीमेवर ठेवून आलेले राजाराम... त्यांनी भर गावकीत उभं राहून सांगितलं होतं, ही माझी मुलगी नाही. त्या दिवशी आई दाराला धरून रडत होती, पण नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

बौद्धाचाऱ्यांनी मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मग रिवाजाप्रमाणे जवळचे एकेक जण उठून आईबद्दल, सुंदराबाईंबद्दल दोन शब्द बोलू लागले. शेवटी प्रज्ञेश उठला. तो रजा घेऊन आला होता, वर्दीच्या बाहीवर बढतीची नवी पट्टी होती. बोलता बोलता त्याची नजर खळ्याच्या टोकाला बसलेल्या बहिणीवर गेली, तिच्या ओढणीबाहेर आलेल्या काळ्या बोटांवर गेली, आणि त्याचा आवाज चिरकला.

“आई शेवटपर्यंत ताईचं नाव घेत होती. ताईने असं का केलं, म्हणून मला विचारत होती. मी गप्प बसलो. पण आज आईसमोर सांगतो, तो फोटो...”

आणखी दोन शब्द, आणि दोन वर्षांचं सगळं दुःख मातीमोल होणार होतं! करुणा धडपडत उठली, माणसांमधून वाट काढत पुढे गेली आणि आबांच्या पायांवर कोसळली.

“आबा, मला माफ करा. मी चुकले. मी घराण्याचं नाव घालवलं, भावाच्या वर्दीला डाग लावला. सगळ्यांसमोर माफी मागते.”

मांडवात कुजबुज उठली. प्रज्ञेश तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मग ओंजळीत चेहरा लपवून खाली बसला. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीने पोराला भरून आलं. आबांनी मुलीला उठवलं नाही, लोटलंही नाही.

जेवणं झाली, माणसं पांगली. करुणा पिशवी घेऊन निघाली, तेवढ्यात घरामागून हाक आली. “बाय, हकडं ये.”

आबा गवताच्या राशीपाशी बसून पेंढ्या बांधत होते. कापणी नुकतीच संपली होती. ते डाव्या हाताने गवताचाच दोर पेंढीभोवती फिरवत, डावीकडे पीळ देत आणि टोक आत खोचत. उजव्या हातात जोर नाही, म्हणून त्यांनी स्वतःच बसवलेली ती रीत होती.

“हा पीळ गावात कोण देतं?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच, आबा.”

“आणि?”

करुणाची नजर त्या पिळावर खिळली. “माज्यापाशी बसून बसून प्रज्ञेशपण तसाच पीळ द्यायला शिकला,” आबाच पुढे म्हणाले. “तू आईकडनं शिकलंस. तुजा पीळ उजवा. टीव्हीवर त्या पट्ट्यांची जुडी दाखवली, सुतळीनं बांधलेली, पीळ डावा. मी बगितला आणि समजलो.”

रबराची प्रत्येक भेग तिने तपासली होती. सुतळीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं!

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“पयल्या दिसापासनं.”

“मग गावकीत...”

“मोठ्यानं बोललो म्हणून पोलीस या घरात परत आले नाय. पोरगा वाचला.” त्यांच्या हातातली पेंढी सुटून विखुरली. “दोघांतलं एक जाणार, एवढं कळत होतं. तू आधीच पुढं झालेलंस. मी तुला जाऊ दिलं, बाय. बाप असून जाऊ दिलं.”

करुणाला वाटलं, पायाखालचा कातळ खचतो आहे. आबा रागावले आहेत, खरं कळलं की एक दिवस जवळ घेतील, या एका आशेवर तिने ते काजू फोडले होते, त्या एकाकी खोलीत दिवस काढले होते. आणि इथे खरं तर केव्हाच कळलेलं होतं...

“आणि आई? आईला सांगितलंत?”

आबा विखुरलेलं गवत गोळा करू लागले. “नाय. तिच्या पोटात राहिलं नसतं. मरताना विचारत होती, माज्या बायनं असं का केलं. तवापण नाय सांगितलं.”

ती रडली नाही. बापाला दोष द्यावा, तर तिने स्वतःही हेच केलं होतं. आईलाही अंधारात ठेवून भावाची वर्दी वाचवली होती.

“घरात चल,” आबा म्हणाले. आवाज अगदी म्हाताऱ्याचा झाला होता.

दोन वर्षांनी तिने उंबरा ओलांडला. माजघरात आईचा फोटो होता, पुढे मेणबत्ती संपत आली होती. करुणा गुडघे टेकून बसली. इथे तरी सांगता येईल... निदान इथे. तिने ओठ फोटोजवळ नेले.

“आई, तो फोटो मी...”

मागे भांडं वाजलं. काशीकाकू उष्टी ताटं उचलायला आत आली होती आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

करुणाने वाक्य गिळलं. डोळे मिटून घेतले.

“...मी काढला, आई. मला माफ कर.”

“माग बाय, माफी माग,” काशीकाकू हळवी होऊन म्हणाली. “आई ती. दिली असंल तिनं.”

आबा दारात उभे होते. त्यांनी पाठ ताठ केली, पाय जुळवले आणि तीन बोटांचा उजवा हात कपाळाशी नेला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात खाली येत नव्हता. म्हातारा बायकोला शेवटचा सलाम करतो आहे असं वाटून काशीकाकूने पदराने डोळे टिपले आणि ताटं घेऊन ती निघून गेली.

करुणाने वळून पाहिलं नाही.