शाफ्ट त्याच जागी का तुटतो?

एकदा तुटला तर नशीब म्हणावं, दोनदा तुटला तर दुकानदाराला बोल लावावा; पण तिसऱ्यांदा, तोही नेमका त्याच जागी? शालनआत्याच्या भल्याथोरल्या मोटरसायकलचा शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा) असा तुटला होता, आणि तिची भाची केतकी काळजीत पडली होती.

साल २०५८. आत्या लांबच्या सफरींना माणसं घेऊन जायची. मागच्या खेपेला सपाट रस्ता होता म्हणून खांद्याच्या दुखापतीवर निभावलं. आज मात्र चार दिवसांपूर्वी बसवलेला चौथा शाफ्ट घेऊन ती सकाळीच आंबोली घाटाकडे निघाली होती. घाटात चाक अडकलं तर? केतकीने तिन्ही तुटके शाफ्ट उचलले आणि कोल्हापुरातल्या उद्यमनगरात ठोकेराव नावाच्या तपासनीस यंत्रमानवासमोर नेऊन ठेवले.

"आत्यानं दर वेळी आधीपेक्षा मजबूत शाफ्ट आणला," ती म्हणाली.

"रोग रेड्याला, औषध पखालीला!" ठोकेराव खेकसला. "सांग, हातानं तार तोडायची तर काय करतेस?"

"मागं-पुढं वाकवते. दहा-बारा वेळा."

"शाफ्टही तसाच. दर झटक्याला किंचित पिळतो, पुन्हा सैल होतो. लाखो वेळा! याला म्हणतात धातूचा थकवा (पुन्हापुन्हा ताण येऊन आतून चिरत जाणं). हे बघ."

भिंगाखाली तुटलेल्या तोंडावर बारीक वळणदार रेषा दिसल्या.

"भेग थोडी थोडी पुढं सरकली, त्या या खुणा. सगळ्या एका बिंदूभोवती आहेत, म्हणजे सुरुवात तिथं. दुधाची पिशवी कशी फाडतेस?"

"कोपऱ्याला चीर देऊन."

"बस्स! चिरेच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो. इथं कुणा शहाण्यानं सुईनं काहीतरी कोरलंय."

कोरणारी केतकीच होती. नव्या भागाची पूजा करताना कुंकवाचं स्वस्तिक काढायची गॅरेजातली रीत. कुंकू तेलात पुसलं जातं म्हणून तिनं ते गुपचूप कोरलं होतं. आत्याला काही होऊ नये म्हणून! चारही शाफ्टवर!

तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आवाज आला, "बोल गं. आंबोलीत चहा पितेय, आता घाट उतरायचा."

"उतरू नकोस! आत्या, गाडी सुरू करू नकोस!" मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

"टेम्पो पाठव," आत्या म्हणाली. "आणि ठोकेरावला सांग, माझ्या ओळखीच्या सगळ्या गाड्यांचे मोडके भाग तपासायचेत. अशी चूक आणखी कुणी करत असेल."

"मीही शिकेन तपासायला," केतकी म्हणाली. "रागावलीस?"

"रागावू नको तर काय करू? घरी आल्यावर कान पिळणारच आहे. पण पिळायला मी धडधाकट घरी येतेय ना, ते तू खरं बोललीस म्हणून. आता डोळे पूस आणि टेम्पोवाल्याला फोन कर."