शिलींध्रीची फेरी

देवराईत उदबत्ती लावण्याआधी बाबली गुरव हल्ली फोन कानाला लावत. इथल्या प्रत्येक ऐनाच्या झाडावर बटणाएवढा ‘सालकान’ चिकटवलेला होता. सालीखाली अळीने लाकूड कुरतडलं की तो आवाज फोनवर ऐकवायचा. खोडकिडीने घाटातली निम्मी झाडं उभ्या उभ्या वाळवली होती. सालकान बनवणाऱ्या ऋजुता परुळेकरने नियम घालून दिला होता: कुरतडण्याचा आवाज येईल ते झाड तोडा, वाळलेलं, पोकळही ठेवू नका. आसपासच्या गावांनी तो मुकाट पाळला. उरली होती देवराई, आणि तिथली वाळकी झाडं तोडायला करवतवाले त्या दिवशी सकाळी अकराला यायचे होते.

सकाळीच देवराईत आलेली ऋजुता मात्र आकडे बघून चक्रावली होती. एकशे चाळीस झाडांपैकी एकातही कुरतडणं नव्हतं, नुसती टकटक होती. तिने बाबलींना विचारलं, तर त्यांनी वर बोट दाखवलं. निळ्या पाठीची, लाल चोचीची, चिमणीहून लहान शिलींध्री खाली डोकं वर शेपूट करत खोड उतरत होती. मागोमाग तिचं सारं कुटुंब, चांगली अकरा डोकी.

पक्षी उडताच ऋजुताने तिथली साल उचकटून भिंग लावलं. खोडकिडीची अंडी, अर्धी फस्त केलेली! दुसऱ्या झाडावर तेच, तिसऱ्यावरही तेच. अंडी आवाज करत नाहीत. सालकान जागा होई तोवर उशीर झालेला असे, आणि शिलींध्री त्याच्या आठ दिवस आधीच येऊन जात होत्या.

“पण त्या इथेच का, काका? बाकी कुठेच कशा नाहीत?”

बाबलींनी एका वाळक्या, पोकळ ऐनाकडे पाहिलं. त्याच्या ढोलीतून एक लाल चोच डोकावत होती.

“देवाची वाळकी काटकीय आमी हलवणव नाय, बाय. कित्याक, ता माका म्हायत नाय.”

ऋजुताला एकदम कळलं: शिलींध्री घरटं करतात ते वाळक्या झाडांच्या ढोलीत. आणि बाकीच्या गावांतल्या ढोल्या तिनेच तोडायला लावल्या होत्या.

करवतवाल्यांना तिने वेशीवरूनच परत पाठवलं. नियम राबवणाऱ्या समितीला कळवलं, “माझा नियम चुकला. देवराईला हात लावू नका.” समितीने ऐकलं, तेव्हा ती बाबलींसमोर चक्क नाचली. मग धापा टाकतच तिने गावोगाव फोन लावायला घेतले. अकरा पक्षी सगळा घाट वाचवू शकत होते, फक्त पिल्लं वाढवत पसरायला त्यांना पुढच्या गावांत ढोल्या हव्या होत्या.

तीन गावांनी सांगितलं, एकही पोकळ झाड उरलं नाही. चौथ्या गावच्या सरपंचबाईंना ती म्हणाली, “ताई, आठवून सांगा. तुमच्याकडे एखादं तरी पोकळ झाड उभं राहिलंय का?”