मॅडमच्या टेबलावरची काच

आतली खुडबुड ऐकून दर्शनानं बंद केबिनचं दार ढकललं आणि आत एक माणूस बसलेला दिसला, तेव्हा हातातली फाईल तिच्या पायावरच पडली. मंदाकिनी मॅडमना जाऊन सव्वा महिना झाला होता. तेव्हापासून ऑफिसातलं कुणी ह्या केबिनमध्ये पाऊल टाकायला धजावत नव्हतं, आणि हा पठ्ठ्या खुशाल स्टुलावर बसून फायलींच्या नाड्या सोडत होता.

"घाबरलात?" तो गडबडीनं उठला. "मी साकेत. मॅडमचा जुना ज्युनिअर. त्यांच्या केसेस लावून द्यायला त्यांच्या पार्टनरनी, मुकुल सरांनी बोलावलंय. तुम्ही दर्शना ना? तुमची मदत घ्या म्हणाले."

"मी... आणि घाबरेन? छे!"

टक.

पेनाची टोपी काचेवर आपटावी, तसा आवाज. टेबलापाशी कुणीही नव्हतं. साकेत चांगला चार हात लांब उभा होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मॅडमची ती सवय ठाणे कोर्टात कुणाला ठाऊक नव्हती? ज्युनिअरनं मसुदा लिहायचा आणि त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचा. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. एखादं वाक्य खोटं वाटलं, नाहीतर उगाच फुगवलेलं, की टेबलाच्या काचेवर पेन वाजायचं. तोंडानं चकार शब्द नाही. कुठं चुकलं ते आपलं आपण शोधायचं. त्या आवाजाच्या धाकानं साकेत वकील झाला होता, आणि दर्शना गेली तीन वर्षं होत होती.

"उंदीर असेल," साकेत चाचरत म्हणाला.

टक.

आता हे सांगायचं तरी कुणाला? दोघंही वकील, आणि पुरावा शून्य! दोघांनी मुकाट्यानं फायली उचलल्या. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं, पंखा बंद होता, तरी दर्शनाच्या दंडावरचा काटा संध्याकाळपर्यंत गेला नाही.

काम चार शनिवारांचं होतं. दुसऱ्या शनिवारी साकेत मानपाड्याहून येताना दोघांसाठी वडापाव घेऊन आला. भीती थोडी ओसरली होती.

"तुमचं अक्षर सुरेख आहे हां," तिची नोंदवही उघडत तो म्हणाला.

टक.

दर्शनाला हसू आवरेना. "मॅडम, निदान पाहुण्यांना तरी सोडा!"

"सॉरी. अक्षर भयंकर आहे," साकेत म्हणाला. "पण हसता छान."

दोघांनी श्वास रोखून धरला. काच गप्प राहिली. दर्शनानं मान खाली घातली ती बराच वेळ वर केलीच नाही.

त्यानंतर मात्र तिला चटकच लागली. "मला चहा नको." टक. "आज मुळीच उकडत नाही." टक. ती येताजाता खोटं बोलायची आणि कान टवकारून थांबायची. वर्तकनगरच्या घरी आई म्हणायला लागली, "अगं, एकटीच काय पुटपुटतेस?" आईला काय सांगणार? तिला मॅडम हव्या होत्या. केबिन फक्त शनिवारी उघडायची; ज्या आवाजाचा पूर्वी धाक वाटायचा, त्याच्यासाठी आता ती सगळा आठवडा कसाबसा ढकलत होती.

तिसऱ्या शनिवारी साकेतनं हातातली फाईल बाजूला ठेवली.

"दर्शना... तुला मी आवडतो?"

"नाही."

टक.

ती खुदकन हसली. पण तिची नजर काचेवर होती. साकेतला हसू आलं नाही.

"तू माझ्याकडे बघतपण नाहीयेस," तो हळूच म्हणाला. "तू मॅडमशी बोलतेयस गं. मी आपला मध्ये साक्षीला उभा."

"तसं काही नाही रे..."

टक.

"बघ." त्यानं बॅग खांद्याला लावली. "मलापण त्यांची आठवण येते. पण पुढच्या शनिवारी हे टेबल जाणार, केबिनमध्ये नवीन पार्टनर बसणार. मग मला इथं यायला काही कारण उरत नाही. जाताना परत विचारेन. एकदाच."

तो आठवडा दर्शनाला झोप लागली नाही. 'नाही' म्हटलं, तर मॅडम शेवटचं एकदा ऐकू येणार होत्या. 'हो' म्हटलं, तर काहीच ऐकू येणार नव्हतं. आणि खरं उत्तर तर तिला केव्हाच ठाऊक झालं होतं.

चौथ्या शनिवारी कपाटं रिकामी झाली. टेबल न्यायला आलेली माणसं दाराबाहेर तंबाखू मळत थांबली होती. साकेतनं शेवटच्या गठ्ठ्याला नाडी बांधली आणि विचारलं, "सांग."

दर्शना मसुदा वाचताना उभी राहायची तशी टेबलासमोर उभी राहिली. मग तिनं पाठ वळवली आणि साकेतकडे नीट पाहिलं. "हो. आवडतोस. खूप. तू आला नाहीस तर मला करमणार नाही."

काही वाजलं नाही. साकेतनं एक मोठा श्वास सोडला. पण दर्शनाला राहवलं नाही. ती पुन्हा मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली, आणि म्हणाली, "मॅडम... मला तुमची आठवण अजिबात येणार नाही."

एवढं धडधडीत खोटं ती उभ्या जन्मात बोलली नव्हती.

दोघं थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकला. काच तशीच होती.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"नाही. तू?"

"नाही."

मॅडम गेल्यापासून दर्शना रडली नव्हती. आता मात्र ती हमसून हमसून रडली, आणि साकेतनं तिचा हात हातात घेतला तेव्हा तोही रडत होता. दारातून एक माणूस आत डोकावला आणि अवघडून म्हणाला, "ताई... टेबल उचलू का? नंतर येऊ?"

दर्शनानं ओढणीनं डोळे पुसले.

"न्या," ती म्हणाली.