सोमवारची सूचना

संचालिकाबाई आल्या, पण खुर्चीवर बसल्याच नाहीत. एक गाल सुजलेला, हातातली पर्स घट्ट धरलेली.

"काल आमच्या एका निवाऱ्यात लपून राहिलेल्या बाईच्या दारात तिचा नवरा येऊन उभा राहिला, मास्तर. शेजारी धावले म्हणून ती आणि तिची दोन पोरं वाचली. तो पत्ता फक्त माझ्या कॉम्प्युटरवर उघडतो. मग फुटला कसा?"

मास्तर पूर्वी गणित शिकवायचे. आता खासगी तपास करत. सोबतीला बायकोचा भाऊ असे. तो गाडी चालवी आणि प्रश्न विचारी.

"पत्ते असतात कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"दूरच्या सर्व्हरवर. जोडणी कुलूपबंद आहे म्हणतात."

"चला, मेहुणे."

संस्थेच्या ऑफिसात बाईंच्या पडद्यावर एक छापील चिठ्ठी डकवली होती: 'धोक्याची सूचना आल्यास घाबरू नये. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. पुढे जा हे बटण दाबावे.' खाली सही नव्हती.

"ही कधीपासून आहे?"

"सोमवारी दिसली. दाढ काढून थेट इथं आले होते. तोंडात कापूस, कुणाला विचारणार? सूचना आली, चिठ्ठी वाचली, दाबलं. मग रोजच दाबत राहिले."

तंत्रज्ञ आला तो मान खाली घालूनच.

"चूक माझी. मुदत बुधवारी मध्यरात्री संपली, नवं प्रमाणपत्र घ्यायचं राहून गेलं. काल, गुरुवारी दुपारी घेतलं. पण चिठ्ठी माझी नाही, साहेब."

म्हातारे कारकून हातवारे करत म्हणाले, "मी रोज दहाला कॉम्प्युटर उघडतो. सूचना आली ती कालच. मी सरळ बंद केला. नसती भानगड कशाला?"

समुपदेशक ताई चहाचा कप न पिताच फिरवत होत्या. "चिठ्ठीत वावगं काय आहे? सोमवारपासून माझ्याकडेही तीच सूचना येत होती. सगळेच वैतागलो होतो."

मास्तर बाईंच्या टेबलामागे वाकले. भिंतीकडून आलेली तार कपाटामागे एका काडेपेटीएवढ्या डबीत शिरत होती आणि तिथून कॉम्प्युटरकडे जात होती.

"ही माझी नाही!" तंत्रज्ञ ओरडला.

मास्तरांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"दाजी, आधी मला समजेल असं सांगा," मेहुणे म्हणाले.

"दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी एक दुसऱ्याला ओळखपत्र, म्हणजेच ते प्रमाणपत्र, दाखवतं. ते पटलं की आतून कडी लावून बोलतात. पण ओळखपत्र न बघताच कडी लावली तर?"

"चोराला घरात घेऊन कडी लावल्यासारखं."

"बरोब्बर! ही डबी सर्व्हरचं सोंग घेऊन मधे बसली होती. ओळखपत्र खोटं, म्हणून कॉम्प्युटरनं सूचना दिली. चिठ्ठीनं ती सूचना मारून टाकली. मुदतीची तारीख कुणालाही बघता येते, म्हणून निमित्त तेच निवडलं. घाई मात्र नडली. सोमवारी मुदत संपलीच नव्हती. तंत्रज्ञाला खरी तारीख पाठ होती, त्यानं असं लिहिलं नसतं. आणि डबी फक्त बाईंच्या तारेवर आहे. म्हणजे बुधवारपर्यंत सूचना या एकाच पडद्यावर दिसू शकत होती. कारकुनांना ती कालच दिसली. ताई, तुम्हाला सोमवारी कशी दिसली?"

ताईंनी कप बशीवर ठेवला.

"कालच्या त्या बाईची आई आली होती," त्या म्हणाल्या. "पदर पसरला माझ्यापुढे. लेकीला एकदा लांबून बघू दे म्हणाली. मी या बायकांशी फोनवरच बोलते, पत्ता मला ठाऊक नव्हता. तिच्यासोबत आलेल्या भाच्यानं डबी आणि चिठ्ठी दिली, मी ती लावली. तो एकच पत्ता त्यानं मला पाठवला, मी आईला सांगितला. फक्त आईला! ती जावयाला सांगेल असं वाटलं नाही."

"आईनं सांगितलंच नसेल. तो भाचा फितूर होता, ताई. जावयाला मिळालेला. आईलाही फसवलं." मास्तर बाईंकडे वळले. "सोमवारपासून किती पत्ते उघडलेत?"

बाईंनी बोटांवर मोजलं. "अकरा."

"अकराही त्या भाच्याकडे गेले. अंधार पडायच्या आत उरलेली दहा घरं हलवायची आहेत. मेहुणे, गाडी दाराशी आणा. आणि पोलिसांना कळवा."

तंत्रज्ञानं तार उपटली. बाईंनी ऑफिसचा फोन उचलला, एक नंबर फिरवला, दुसरा फिरवला. कुणी उचलेना. त्या बायका अनोळखी नंबर उचलत नसत.

"माझ्या फोनवरून उचलतील," ताई हळूच म्हणाल्या.

बाईंनी ताईंकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लावा. माझ्यासमोर."

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. पलीकडची बाई आनंदानं म्हणाली, "ताई, तुम्ही! बोला ना."

ताईंनी फोन बाईंपुढे धरला.

"बोला," संचालिकाबाई म्हणाल्या. "अजून नऊ राहिल्यात."