मोटारसायकलींचा उंच स्तंभ

कोकराची खूण कुठल्या रकान्यात करायची, यावरून आठवीच्या पोरांत जुंपली होती. पडेगावच्या शाळेपुढून एक मोटारसायकल आली, टाकीवर कोकरू ऐटीत बसलेलं. गयासचं म्हणणं, गाडीवर दोघं आहेत तर खुणाही दोन हव्यात.

"आपण वाहनं मोजतोय, प्रवासी नाही," रत्नमाला मॅडमनी त्याला गप्प केलं. मोटारसायकलवाला थांबून हसत होता. त्याची आणि तिची नजरानजर झाली... आणि गणिताच्या मॅडम क्षणभर गणित विसरल्या.

मागच्या महिन्यात याच रस्त्यावर गाडीच्या धडकेने चौथीतल्या अनिसाचा पाय मोडला होता. गतिरोधक मागायचा तर नुसत्या हळहळीने भागत नाही, आकडे लागतात. म्हणून रत्नमालाने सांख्यिकीचा धडा पुस्तकातून उचलून थेट रस्त्याकडेला आणला होता. नियम कडक होता: गाडी गेली की ताळ्याची खूण करायची, कोण गेलं ते बघायचं नाही. पोरांनी तो इमानेइतबारे पाळला.

मोटारसायकलवाला अजिनाथ शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, कळप सांभाळून शेळीचं दूध शहरात पोचवायचा. त्या आठवड्यात त्याला याच रस्त्याने सारखी कामं निघू लागली. कधी पेंड, कधी पाला, कधी नुसतंच... रत्नमाला बघून न बघितल्यासारखं करायची आणि गाडी वळणाआड गेली की परत कधी येते म्हणून कान देऊन राहायची. या चकरांचं पुढे काय होणार, हे गणित शिकवणारीच्याच डोक्यात आलं नाही. अशा वेळी बेरीज सुचते कुणाला?

आठवडा संपला, स्तंभालेख वर्गाच्या भिंतीवर लागला. त्या दुपारी अजिनाथ धीर करून आत आला. तिने हौसेने त्याला मोटारसायकलींचा स्तंभ दाखवला. अनिसाचा पाय मोडला म्हणून गतिरोधक मागायचाय, उद्या महापालिकेचे अभियंता येणार, एवढा उंच स्तंभ बघून नाही कसे म्हणतील, असं ती सांगत होती. त्याने स्तंभाच्या टोकावर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्यातल्या लई खुणा माझ्या हायत."

"म्हणजे?"

"दुधाला म्या एकदाच जातो. बाकीच्या चकरा..." त्याने मान खाली घातली. "तुमाला बघायला मारल्या."

रत्नमालाचे कान तापले. आधी आनंद झाला आणि मग राग आला. हा गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, असंही मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"आज कळलं मला, कशासाठी मोजताय ते. पोरीचा पाय मोडलाय, मॅडम. तिथं माझ्यामुळं खोटं नाय चालायचं."

तिने आलेख उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळी पोरं पुन्हा रस्त्याकडेला बसली. अजिनाथच्या गाडीची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये आणि अजिनाथ मॅडमच्या शेजारी. या वेळी स्तंभ आधीच्या कुठल्याही सकाळपेक्षा चांगलाच बसका आला. मग तिने त्याच्या शेजारी दुसरा आलेख काढला: त्याच वेळात किती पोरं रस्ता ओलांडतात.

अभियंत्यांनी दोन्ही आलेख निरखले. गाड्या फार नाहीत, पण पोरं आणि गाड्या नेमक्या एकाच वेळी रस्त्यावर येतात, हे त्यांना पटलं. आमच्या मोजणीतही गाड्या एवढ्याच निघाल्या होत्या, फुगवलेला आकडा असता तर अर्ज परत पाठवला असता, असं म्हणून त्यांनी गतिरोधकाला होकार दिला.

रत्नमाला जवळजवळ धावतच फाटकाशी आली. अजिनाथ तिथेच उभा होता. तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली, पण हात लगेच काढून घेतला नाही.

"तुमचे उपकार झाले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खरं बोललात म्हणून काम झालं."

"मग आता चकरा बंद करू, व्हय?"

"हो," ती म्हणाली. "एकदाच या... आणि आलात की थांबा."